एक चूल कमी

घरात शिरताना मोठ्यानं "शिरलो" आणि बाहेर पडताना "निघालो" म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. पाच वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून काम केलंय. चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली आले की मास्तर म्हणायचे, "शिरलो." कप ठेवून उन्हात आले की, "निघालो." पोस्टात तसंच, केस कापायला गेले तरी तसंच. एकदा न्हावी वैतागून म्हणाला, "मास्तर, मला दिसतं हो तुम्ही आलात ते." त्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, "तुला नाही सांगत, मला सांगतोय."

त्यांनी उभ्या जन्मात शाळेत एक तास शिकवला नव्हता. पण वसई रोडच्या पूर्वेला आमची जी इंडस्ट्रियल इस्टेट होती, तिथे वॉचमनपासून मालकापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पन्नाशीचे, उंच, जरा वाकलेले. पांढरा हाफ शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी सोनचाफ्याचं फूल. हे फूल सकाळी कॉम्प्युटरच्या डोक्यावर जायचं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मशीनला वास येतो का?" तर म्हणाले, "तुला येतो ना? मग झालं."

पँटच्या खिशात चिंचोके असत. कुठेही आत शिरलं की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा, बाहेर पडलं की परत उजव्या. बाजारातल्या गल्लीत शिरलात, एक. गल्लीतल्या दुकानात, दोन. दुकानाच्या माडीवर, तीन. संध्याकाळी आपल्या फाटकाशी पोचल्यावर डावा खिसा रिकामा पाहिजे. "एक जरी उरला तर समज, आपण कुठूनतरी नीट बाहेर पडलेलो नाही," असं त्यांचं म्हणणं. एकदा पापडी गावच्या बाजारातून आले, फाटकाशी खिसा चाचपला, तर एक चिंचोका हाताला लागला. डोकं खाजवलं, सायकल वळवली आणि उलट्या क्रमानं एकेक दुकान आठवत परत गेले. कापडाच्या दुकानात काकू, म्हणजे मास्तरांची बायको, बसलेल्या होत्या. दीड तास! "ह्यांना आठवण झाली की येतील," असं दुकानदाराला सांगून तिसरा चहा पीत होत्या. हा किस्सा काकू स्वतःच हसत हसत सांगायच्या, आणि मास्तर शेजारून म्हणायचे, "पण पद्धत चालली की नाही?"

मी तेव्हा बावीस वर्षांची आणि अतिशहाणी. गिरगावातली खोली सोडून आम्ही वसई रोडला नव्या बिल्डिंगमध्ये आलो होतो. नळाला पाणी नव्हतं, पण जिन्याला मोझॅक होतं. मुंबईत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, सी भाषा येत होती, निदान तसं मला वाटायचं. ऐंशीच्या दशकातले शेवटचे दिवस ते. सी येते म्हणून सांगितलं की लोक विचारायचे, "आणि डी?"

आमची कंपनी म्हणजे दोन गाळे, मध्ये काच, आणि काचेपलीकडे एकच मोठं मशीन, त्याला जोडलेले चार पडदे. चपला काढून आत जायचं. एसी मशीनसाठी होता. आम्ही त्याच्या पुण्याईवर गार. यंत्रांच्या सुट्या भागांच्या याद्या आम्ही त्यात ठेवायचो. फायली कप्प्यांत, कप्पे दुसऱ्या कप्प्यांत, ते आणखी तिसऱ्या कप्प्यांत. या कप्प्यांना डिरेक्टरी म्हणत. सहा वर्षांत ज्यानं त्यानं मनाला येईल तिथे कप्पे करून ठेवले होते, कशात काय आहे ते देवालाच ठाऊक.

मालकांनी मला पहिलं काम दिलं ते हेच. सगळे कप्पे फिरून फायलींची यादी कर. मी केली. मग म्हणाले, जुन्या फायली शोध. मी पहिला प्रोग्राम उचलला, त्याची नक्कल केली, मधलं बदललं. मग म्हणाले, कप्पे मोज. पुन्हा नक्कल. आठवड्यात तीन प्रोग्राम! मी स्वतःवरच खूश. मास्तरांनी कागद हातात घेतले, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "तीन कामं आली म्हणून तीन जोड पाय लावलेस?"

"चालतंय ना?" मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"चालतंय की. उद्या चौथं काम आलं की चौथी जोडी लाव. अशानं बाई तुझी गोम होईल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. म्हणाले, "इस्टेटीत फिरून ये. प्रत्येक गाळ्यात शिरायचं. गाळ्यात केबिन असेल तर केबिनमध्ये, केबिनच्या मागे खोली असेल तर त्या खोलीत. जिथे जाशील तिथे पाकीट उघडायचं, आतल्या चिठ्ठीत लिहिलंय ते करायचं, आणि पुढे जायचं."

"काय लिहिलंय चिठ्ठीत?"

"ते पायांना कळायची गरज नाही."

पहिल्या गाळ्यात पाकीट उघडलं. 'किती वाजले ते विचार.' विचारलं. सतरा गाळ्यांत विचारलं. दुसऱ्या दिवशी तीच वाट, नवं पाकीट: 'प्यायला पाणी माग.' आता नाही कसं म्हणणार? घोट घोट पीत गेले. अकराव्या गाळ्यात मिठागराकडच्या गावातल्या बायका डबे भरायला बसत. त्यांतली एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "किती पानी पितेस गो बाय? साखर तपासून घे." तिसऱ्या दिवशीची चिठ्ठी: 'काही बोलू नको. फक्त हस.' मी मूर्खासारखी सतरा गाळ्यांत जाऊन हसले. प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या गाळ्यातला सुपरवायझर संध्याकाळपर्यंत आमच्या दाराशी घुटमळत होता.

मी मास्तरांसमोर पाकीट आपटलं. "उद्यापासून मी फिरणार नाही. सांगून ठेवते."

"नको फिरू. तीन दिवसांत काय बदललं तेवढं सांग."

"चिठ्ठी."

"आणि काय नाही बदललं?"

मी जागेवर बसले आणि तासाभरात तिन्ही प्रोग्राम फाडून एक लिहिला. त्यात फिरण्याचं एकच फंक्शन. कप्प्यात शिरायचं, आत आणखी कप्पा दिसला की त्यानं स्वतःलाच हाक मारायची आणि त्या कप्प्यात शिरायचं, तो संपला की बाहेर. प्रत्येक ठिकाणी करायचं काम मात्र फंक्शनच्या पोटात लिहायचं नाही, ते बाहेरून त्याच्या हातात द्यायचं: दुसऱ्या एका फंक्शनचा नुसता पत्ता. यादी करायची तर यादीवाल्याचा पत्ता, मोजायचं तर मोजणाऱ्याचा. पुढे सगळीकडे याला कॉलबॅक म्हणायला लागले. आमच्याकडे ती शेवटपर्यंत चिठ्ठीच होती. मास्तरांनी डब्यातून एक सुकेळं काढून मला दिलं. केळी वाळवून घरी केलेली सुकेळी ते पानात बांधून आणत, आणि ज्याचं काम जमेल त्याला एक देत. "पायाला काम ठाऊक नसावं आणि कामाला वाट ठाऊक नसावी," असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मालकांनी ते पुसून 'चपला बाहेर काढाव्यात' असं लिहिलं.

माझा तो प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तेव्हा चारही पडदे गोठले. झालं होतं असं की, मशीन प्रत्येक कप्प्यात दोन छुप्या नोंदी ठेवतं. एक नोंद म्हणजे तो कप्पा स्वतः, आणि दुसरी म्हणजे ज्या कप्प्यातून आपण आलो तो बाहेरचा. माझं फंक्शन त्या दोन्हींतही शिरत सुटलं होतं. मास्तर पोट धरून हसले. "अगं, प्रत्येक घराला दोन चोरदरवाजे असतात. एक फिरवून त्याच घरात आणतो आणि एक बापाच्या घरी नेतो. दोन्ही टाळून पुढे जायचं, नाहीतर जन्मभर तिथल्या तिथेच फिरशील."

सांगणारा माणूस मात्र सहा वर्षं आपल्या बापाच्या घरात शिरला नव्हता.

उमेळ्याला त्यांची वाडी होती. केळी, नारळ, नागवेल, मधोमध विहीर, आणि विहिरीशेजारी वडिलांनी बांधलेलं मोठं घर. तिथे थोरले भाऊ राहत, त्यांना सगळं गाव दादा म्हणे. पूर्वी दोघे भाऊ तिथेच एकत्र होते. एके दिवशी मास्तरांनी नागवेलीच्या वाफ्यात पाणी सोडलं आणि कुठल्याशा प्रोग्रामचा विचार करत बांधावर बसून राहिले. तास गेला, दोन तास गेले. अख्खा वाफा कुजला. दादा चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "तू आपली बटणं दाब. वाडीला हात लावू नकोस." मास्तर म्हणाले, "नाही लावत." आणि त्याच महिन्यात वाडीच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या बांधून वेगळी चूल मांडली. बस्स, एवढंच. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. विहिरीवरून जाणारी पायवाट दादांच्या ओट्यासमोरून जाते म्हणून मास्तर रोज सायकल लांबून फिरवून आणत; आणि ऑफिसात मला, दोन पावलं वाचव, म्हणून शिकवत.

जावांचं मात्र छान चाललं होतं. कुंपणावरून वाट्या इकडून तिकडे जायच्या. दादांच्या घरचं बोंबलाचं कालवण मास्तर चाटूनपुसून खायचे आणि कुठून आलं ते विचारायचे नाहीत.

त्या हिवाळ्यात मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. दादांना मूलबाळ नव्हतं, ही त्यांच्या खांद्यावर वाढलेली. मी तेव्हा रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचे, त्यामुळे माझ्यासमोरच ती म्हणाली, "बाबा, मला काही नको. मांडवात काका पाहिजेत. ते नसतील तर मी तोंड पाडून उभी राहीन, आणि प्रत्येक फोटोत दिसेल."

मास्तर ताटाकडे बघत म्हणाले, "गावातल्या प्रत्येक चुलीला आवतण जाणार आहे. तो काय गावाबाहेर राहतो? फेरीत येईल त्याचं घर."

"म्हणजे तुम्ही जाणार त्यांच्याकडे?"

"फेरी जाईल."

मुलगी माझ्याकडे बघून डोळे फिरवायला लागली. पण चेहरा उजळला होता, ते मी पाहिलं.

या फेरीचं तुम्हाला सांगायला हवं. तिथे छापील पत्रिका पाठवून भागत नसे. हातात अक्षतांचं ताट घेऊन घरोघर जायचं, आणि घर मोजायचं नाही, चूल मोजायची. एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली असतील तर तिन्हींपुढे उभं राहून वेगवेगळं सांगायचं: चूलबंद आवतण, म्हणजे त्या दिवशी तुमची चूल पेटायला नको, सगळे आमच्याकडे. एक चूल जरी चुकली तरी तो माणूस वीस वर्षं तुमच्या दारात येणार नाही, आणि वीस वर्षं सगळ्यांना सांगत फिरेल. मास्तरांना तर हे म्हणजे आयतंच मिळालं! गाव, गावात आळ्या, आळीत घरं, घरात चुली. "हा तर आपलाच प्रोग्राम," असं म्हणून त्यांनी ऑफिसातल्या हिरव्या रेघांच्या लांबलचक कागदावर फेरीचे नियम लिहिले, आणि आवतणाचा मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर. ताट धरायला आणि खुणा करायला मला नेमलं.

त्याच दिवसांत ऑफिसात एक भानगड चालली होती. माझा प्रोग्राम कप्पे मोजायचा तर चारशे अकरा भरायचे. मशीनची स्वतःची मोजणी सांगायची चारशे बारा. मी म्हणायचे, एकानं काय बिघडतंय? मास्तर म्हणायचे, "ज्याचा एक राहिला त्याला विचार." चार दिवस ते त्या एकाच्या मागे होते आणि तो सापडत नव्हता.

रविवार उजाडला. गावची रीत अशी की फेरी मूळ घरापासून निघते. मास्तर सहा वर्षांत प्रथमच मोठ्या घराच्या अंगणात आले आणि तुळशीपुढे नारळ ठेवून हात जोडले. दादा ओट्यावर विड्याची पानं लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पानं मोजणारा हात थांबला. चार पायऱ्यांचं अंतर. मला वाटलं, चढले आता. मास्तर वळले आणि म्हणाले, "चल. पहिली आळी." मी मनात म्हटलं, शेवटाला ठेवलं असेल.

मग काय ती फेरी! प्रत्येक दारात "शिरलो", प्रत्येक चुलीपुढे खिशातून चिठ्ठी काढून उघडायची आणि वाचायची, घडी घालून खिशात, आणि "निघालो." लोक म्हणायचे, "मास्तर, मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा पाठ नाही होय?" मास्तर म्हणायचे, "पाठ करायची नसतेच." ख्रिस्ती आळीत पोचलो तर ओळीनं कुलपं, सगळे चर्चमध्ये मिसाला गेलेले. मी म्हटलं, इथे फुली मारू, नंतर बघू. "बंद दार म्हणजे नकार नव्हे," म्हणून मास्तर एका ओट्यावर बसून राहिले, मिसा सुटून माणसं आली, तेव्हा आवतण दिलं आणि वर केकही खाल्ला. तिन्हीसांजेला आम्ही घरी आलो. माझे पाय तुटले होते. मास्तर पाटावर बसून म्हणाले, "एकही चूल सुटली नाही!"

काकूंनी चहा पुढे केला आणि विचारलं, "मोठ्या घरी भाऊजी काय म्हणाले?"

मुलगी दारात येऊन उभी राहिली. मास्तरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मोठं घर फेरीत आलं नाही."

"आलं नाही म्हणजे?"

"आपण निघालो तिथून. मग आळ्या, घरं, चुली. जिथून आलो तिथे पुन्हा शिरायचं नाही, असा नियम आहे."

मुलगी तडक आत गेली आणि कडी लावली. ती कडी ऐकली आणि माझं डोकं फिरलं. समोर कोण आहे, किती मोठा आहे, काही बघितलं नाही. "नियम कसला, मास्तर? चार पायऱ्या होत्या! चार! तुळशीपर्यंत गेलात, नारळ ठेवलात आणि पाठ फिरवलीत. सगळ्या गावात चिठ्ठी उघडली, आणि जिथून निघालो तिथेच उघडली नाही!"

हे बोलले आणि मीच थबकले. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"एक कमी!" ते ओरडले. "अगं, तोच राहिलेला एक! फंक्शन कप्प्यात शिरतं आणि आतल्या प्रत्येक कप्प्यापाशी चिठ्ठी उघडतं. पण ज्या कप्प्यापासून सुरुवात केली त्याच्यापाशी कोण उघडणार? कुणीच नाही!" आणि उठून चपला घालायला लागले. ऑफिसला जायला निघाले होते! रविवारी! काकूंनी पळत जाऊन सायकलचा कॅरिअर धरला. "मुलगी आत रडतेय, आणि तुम्ही कुठे चाललात?"

मास्तर सायकल धरून उभे राहिले. एवढा उंच माणूस, पण एकदम लहान दिसायला लागला. हळूच म्हणाले, "मला माहीत होतं गं. तुळशीपाशी उभा होतो तेव्हाच माहीत होतं. पाय वळेनात. मग तो नियम आठवला आणि बरं वाटलं."

काकूंनी कॅरिअर सोडला. म्हणाल्या, "मग आता जा."

"आता गेलो तर राहिलेल्या घराला नंतर तुकडा टाकल्यासारखं होईल. दादाला ते चालणार नाही, आणि बरोबर आहे त्याचं. प्रोग्राम चुकला तर तो मधूनच नाही चालवत. दुरुस्त करून पहिल्यापासून चालवतात."

"म्हणजे काय करणार?"

"पुढच्या रविवारी सगळ्या गावाला पुन्हा आवतण."

काकू मटकन पायरीवर बसल्या. मला वाटलं, गेला हा माणूस कामातून.

सोमवारी प्रोग्राम दोन ओळींत दुरुस्त झाला. चारशे बारा. मास्तरांनी सुकेळ्यांचा अख्खा डबा माझ्यापुढे सरकवला, पण स्वतः हसले नाहीत. गावात बातमी पसरली होती: भावानं सगळ्या गावाला बोलावलं आणि भावाला वगळलं. त्या आठवड्यात कुंपणावरून एकही वाटी आली नाही. काकूंनी पाठवलेली वाटी जशीच्या तशी परत आली. मुलगी हळदीच्या साडीकडे बघेना. शनिवारी मास्तरांनी मला विचारलं, "त्यानं दार लावून घेतलं तर?" खरं सांगते, मलाही तीच भीती वाटत होती.

रविवारी सकाळी तेच ताट, तीच चिठ्ठी. तुळशीला नमस्कार झाला. दादा ओट्यावर तसेच पानं लावत बसलेले. मास्तरांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "शिरलो" म्हणायचं राहूनच गेलं. दुसरी पायरी, तिसरी, चौथी. दादांसमोर उभे राहून त्यांनी चिठ्ठी उघडली. वाचून दाखवलं: मुलीचं नाव, दिवस, वेळ, चूलबंद आवतण, सर्वांनी यायचं करावं.

दादांनी हातातलं पान खाली ठेवलं. "हेच गावाला वाचून दाखवलंस?"

"हेच."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ते मला कशाला वाचून दाखवतोस?" दादांचा आवाज चढला. "तिला चालायला कोणी शिकवलं रे? लग्न माझ्या घरातलं, आणि मला तू पाहुण्यासारखा बोलावतोस? घरच्या माणसाला आवतण देतात होय?"

"मग काय करू, दादा?" मास्तर म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते भावाशी असे बोलले होते, आणि विचारलं ते अगदी लहान मुलासारखं.

दादा उठले आणि आत निघून गेले. मी ताट धरून उभी. मला वाटलं, संपलं, आता आतून कडी लागणार. मास्तर जागचे हलले नाहीत. आत कपाटाचं दार करकरलं. मग दादा बाहेर आले ते लांब बाह्यांचा धुतलेला सदरा घालून, डोक्यावर टोपी ठेवून. त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

"तू वाच तुझी चिठ्ठी. अक्षता मी देतो. चल. आधी वरची आळी."

"मागच्या रविवारी आम्ही खालच्या..."

"बाबा नेहमी वरच्या आळीपासून निघायचे. कोणी विचारलं होतं तुला खालून सुरू करायला?"

दोघे वाद घालत अंगणातून निघाले, आणि मी कागदाची गुंडाळी बगलेत मारून मागे. वाडीच्या कुंपणाशी मुलगी उभी होती. ती अनवाणीच धावत आली आणि दादांच्या समोर उभी राहिली. "काका, टोपी वाकडी झालीय," एवढंच म्हणाली आणि ती सरळ करता करता भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागली. दादांनी एका हातानं ताट सांभाळलं आणि दुसरा तिच्या डोक्यावर ठेवला. मास्तर चष्मा पुसत होते. मी पण पुसला असता, पण मला तेव्हा चष्मा नव्हता.

वरच्या आळीतल्या पहिल्या घरात एक म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मास्तरांना बघून ती वैतागली. "अरे बाबा, आठ दिवसांपूर्वीच तर येऊन गेलास. पुन्हा काय..." आणि मग तिला मागून पायरी चढणारे दादा दिसले. तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले, डोक्यावर पदर घेतला.

"सूनबाई," तिनं आत हाक मारली, "बाहेर ये गो, अक्षता घ्यायला. लग्नाचं बोलावणं आलंय."